मशेरीचा रकाना

आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या महिन्यात चार दिवस एकच विषय चालला होता. सुरुवात दादाने केली. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. मुंबईत बँकेत आहे, गणपतीला आणि शिमग्याला गावी येतो, आणि पैशाच्या बाबतीत वाडी त्याचा शब्द शेवटचा मानते. त्याने लिहिलं, "कॅन्सरची वेगळी पॉलिसी हा भीतीचा बाजार आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेव्हापासून एजंट घरोघर फिरतायत. साधा मेडिक्लेम घ्या, फुले योजनेची कागदपत्रं तयार ठेवा, बाकी कोणाला रुपया देऊ नका." खाली अंगठ्यांची रांग. मी इथून, टोकियोतल्या निशिकासाईहून, रात्री साडेअकराला दोन वाक्यं टाकली : असं सरसकट सांगू नका, गावच्या माणसाला त्या पॉलिसीचा उपयोग वेगळा आहे. सकाळी तोझाई लाइनच्या मेट्रोत उभ्या उभ्या उत्तर वाचलं. "जपानात बसून गावाला शहाणपण शिकवू नये."

ते वाक्य अजून घशात अडकलंय.

दादाचं अर्धं म्हणणं खरं आहे, आणि ते मी तेव्हाही नाकारलं नव्हतं. ज्याच्याकडे कुठलाच विमा नाही त्याने पहिली पॉलिसी कॅन्सरची घेऊ नये. आंब्याच्या कलमावरून पडून कंबर मोडली, हार्ट अटॅक आला, किडनी गेली, तर त्या पॉलिसीचा काडीचा उपयोग नाही. मेडिक्लेम कुठल्याही दुखण्याचं हॉस्पिटलचं बिल भागवतो. २०२४ पासून तर आधीपासून असलेल्या आजाराचे पैसे मिळायला थांबायची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांवर आलीय, आणि पासष्टी उलटलेल्यांनाही नवीन पॉलिसीचं दार उघडलंय. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. त्यात कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन येतं. माझ्या आईचं ऑपरेशन त्याच योजनेतून झालं. तेव्हा योजनेला नावं ठेवणारा मी शेवटचा माणूस असेन.

माझं भांडण आहे ते "बाकी" या शब्दाशी. दादा सगळा हिशोब हॉस्पिटलच्या बिलाचा करतो, कारण त्याला परळचं टाटा हॉस्पिटल लोकलने तासाभरावर आहे. आमच्या देवगडच्या माणसाला परळ गाठायचं तर एसटीने कणकवली, तिथून रात्रीची तुतारी एक्सप्रेस, पहाटे दादर. तोंडाच्या ऑपरेशननंतर आईला रेडिएशन सांगितलं : आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे, एकूण ३० वेळा. प्रत्येक वेळी मशीनखाली जेमतेम दहा मिनिटं. ती दहा मिनिटं फुकट होती. दिवसाचे उरलेले तास मुंबईत कुठे काढायचे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत लगेच जागा मिळाली नाही, म्हणून खोली भाड्याने घेतली. रेल्वे कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट माफ करते, सोबत्याचं पाऊण माफ करते. पण खोलीचं भाडं कोण माफ करणार, आणि तिखट चालत नाही म्हणून तिच्यासाठी वेगळी पातळ पेज कोण शिजवून देणार? सोबतीला माझा धाकटा भाऊ होता. नेमका मोहरावर फवारणी करायचा हंगाम. त्या वर्षी बाग मोहरावरच व्यापाऱ्याला देऊन टाकली, मिळेल त्या भावात. ज्यांच्या घरी कलमं आहेत त्यांना याचा अर्थ सांगायला नको.

कॅन्सरची पॉलिसी नेमकी इथे कामाला येते. ती बिल मागत नाही. रोगाचं निदान झालं, रिपोर्ट दिला, की रक्कम एकदम हातात. बहुतेक पॉलिस्यांत रोग सुरुवातीच्या पायरीवर सापडला तर साधारण चौथा हिस्सा मिळतो, पुढे गेलेला असेल तर पूर्ण रक्कम. घेतल्यापासून पहिले १८० दिवस सहसा काही मिळत नाही, आणि आजार झालाच नाही तर हप्ता परत येत नाही. दादाने ग्रुपवर हेच धरलं : भारतात नऊ जणांत एकाला कॅन्सर व्हायची शक्यता, म्हणजे आठ जणांचे पैसे पाण्यात. आमच्या वाडीत बावीस घरं आहेत. त्याने उंबरठे मोजत जावं आणि सांगावं, कुठलं घर सुटलंय.

इथलं उदाहरण दिलं की लोक चिडतात, तरी देतो. जपानात सगळ्यांना विमा सक्तीचा आहे. डॉक्टरकडे ३० टक्के आपण भरायचे, त्यालाही महिन्याची मर्यादा. माझ्यासारख्या पगाराच्या माणसाचं महिन्याचं बिल १० लाख येन झालं, तरी खिशातून जातात ८७ हजारांच्या आसपास. आजारपणात पगार थांबला तर दीड वर्षापर्यंत दोनतृतीयांश मिळत राहतो. इतकं सगळं असून १९७४ पासून इथे कॅन्सरचा वेगळा विमा विकला जातोय, आणि माझ्या टेबलाच्या रांगेत तो नसलेला एकही माणूस नाही. शेजारच्याला मी विचारलं, तुला कशाला हवा? तो म्हणाला, मी पडलो तर बायको रोज टॅक्सीने येईल, मुलाचं जुकू, म्हणजे शिकवणी, बंद पडायला नको. हीच गोष्ट मला ग्रुपवर सांगायची होती. माणूस आजारी पडतो तेव्हा त्याच्याबरोबर घर थांबतं, आणि घर थांबल्याचं बिल कुठलंच हॉस्पिटल काढत नाही.

आणखीही एक आहे. दर जूनला कुयाकुशोचं, म्हणजे वॉर्ड ऑफिसचं, पाकीट येतं, कुठली तपासणी कुठल्या दवाखान्यात करायची त्याची कुपनं आत असतात. ऑफिसचं केन्को शिंदान, म्हणजे दरवर्षीची आरोग्य तपासणी, वेगळं. आपल्याकडे दुखल्याशिवाय कोणी तोंड उघडून दाखवत नाही. आईच्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता. सहा महिने ती त्याला हळद लावत होती आणि फोनवर मला म्हणत होती, तोंड आलंय.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं असतं तर दादाला उत्तर देता आलं नसतं. तरी लिहिलं नाही. कारण पुढचा प्रश्न कोणी तरी विचारलाच असता : मग तुझ्या आईला पॉलिसीचे किती मिळाले?

काही मिळालं नाही.

पॉलिसी होती, २० लाखांची. मीच काढली होती, आई एकसष्ट वर्षांची असताना, इथून, एका रविवारी दुपारी. व्हिडिओ कॉलवर आई होती, समोर स्क्रीनवर फॉर्म. एक रकाना आला : तंबाखूचं कोणत्याही स्वरूपात सेवन? मी विचारलं. आई हसली आणि म्हणाली, "मी खंय तंबाखू खातंय रे? दात तेवढे घासतंय." मी "नाही"वर टिचकी मारली आणि पुढच्या पानावर गेलो.

मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. लहानपणी पानाची तंबाखू आणायला दुकानात मलाच पाठवायचे. आई ती तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तेव्हा घरभर ठसका लागायचा आणि आम्ही भावंडं अंगणात पळायचो. मग पाट्यावर वस्त्रगाळ पूड, जुन्या पावडरच्या डबीत. सकाळी विहिरीवर जायच्या आधी एकदा, दुपारी जेवण झाल्यावर एकदा, आणि रात्री भांडी घासून झाली की पायरीवर बसून, डाव्या हाताच्या बोटाने, निवांत. तिच्या दिवसात निवांत म्हणावं असं तेवढंच होतं. मशेरी म्हणजे तंबाखूच, हे चाळीशीच्या इंजिनिअरला कळत होतं.

त्याच वर्षी मी इथे माझा स्वतःचा कॅन्सरचा विमा घेतला होता. तिथे रक्ततपासणीत गामा-जीटीपीचा, म्हणजे यकृताचा, आकडा जरा वर होता, तो मी तारखेसकट लिहिला. पाच वर्षांपूर्वी घेतलेली गोळीसुद्धा लिहिली. इथे खोटं लिहायची भीती वाटते. आईच्या फॉर्मवर ती वाटली नाही, कारण तो "आपल्याकडचा" फॉर्म होता, आपल्याकडे असं चालतं. दादाच्या वाक्याला खरी धार कुठे आहे ते मला ठाऊक आहे. जपानात बसून मी गावाला शहाणपण शिकवलं नाही. मी गावाला कमी लेखलं, आणि त्यात माझी आई होती.

पॉलिसी चौदा महिन्यांची असताना रोग सापडला. आयुर्विम्याच्या पॉलिसीला तीन वर्षं झाली की कंपनीला तिच्यावर बोट ठेवता येत नाही. आमची अजून कोवळी होती. त्यांनी हॉस्पिटलचा केसपेपर मागवला. पहिल्याच पानावर डॉक्टरने विचारून लिहिलं होतं : मशेरी, ४० वर्षं. तिथे आईने खरं सांगितलं होतं, कारण विचारणाऱ्याने तंबाखू न म्हणता मशेरी म्हणून विचारलं. दावा नामंजूर. भाऊ म्हणाला, विमा लोकपालाकडे जाऊ. मी नको म्हटलं. तिथे काय सांगणार होतो?

म्हणून आता माझा आग्रह दुहेरी आहे. कॅन्सरची पॉलिसी घ्यावी, मेडिक्लेमच्या जोडीला घ्यावी, विशेषतः जिथून परळ एका रात्रीवर आहे तिथल्या माणसाने घ्यावी. आणि घेताना मशेरी लिहावी. हप्ता वाढेल. काही कंपन्या नाहीही म्हणतील. म्हणजे ज्या बायकांना तिची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच ती महाग किंवा बंद, ही या पॉलिसीतली सगळ्यात मोठी खोट आहे. दादाने ती दाखवली असती तर मी पहिला अंगठा दिला असता.

ऑपरेशननंतर आईचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. ती पेज पिते, हळू बोलते. रविवारी कॉल लावला तेव्हा शेजारची वहिनी पायरीवर बसली होती. तिच्या मुलाने पुण्याहून फॉर्म पाठवला होता आणि तो कसा भरायचा ते तिला मला विचारायचं होतं. मी नाव, जन्मतारीख सांगत होतो. आईने मध्येच फोन स्वतःकडे ओढला. स्क्रीनवर नुसती तिची हनुवटी आणि टाक्यांची रेघ दिसत होती.

"आदी मशेरी लिव," ती वहिनीला म्हणाली. "मगे नाव."