मी मारलं, म्हणाली चिमणी

गेले दहा-बारा दिवस रात्रीची भांडी-ओटा आवरून झाला की मी आणि माझे सासरे एक जुनी इंग्लिश सिरीज बघत बसतोय, 'पीस ऑफ केक', 1988 सालची, दुसऱ्या महायुद्धातल्या फायटर पायलट्सवरची. आणि नेमकं याच दिवसांत मुलीला झोपताना रोज एकच बडबडगीत हवं असतं, कॉक रॉबिनचं. अप्पा बळवंत चौकातून जुनं पुस्तक आणलंय, त्यात मोठमोठी चित्रं आहेत. आता या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात अशा काही गुंतल्यात की लिहिल्याशिवाय सुटणार नाहीत. पोस्ट मोठी होणार आहे, सवडीने वाचा.

आधी गाणं, कारण आपल्याकडे फार जणांना ते माहीत नसतं. एक रॉबिन मेलाय. लाल छातीचा छोटासा पक्षी, इंग्लंडात बागेत अगदी पायाशी येऊन बसणारा. पहिलाच प्रश्न, कुणी मारलं कॉक रॉबिनला? आणि चिमणी लगेच सांगते, मी, माझ्या धनुष्यबाणाने मी मारलं रॉबिनला. मग पुढे, मरताना कुणी बघितलं? माशी म्हणते मी, माझ्या इवल्याशा डोळ्याने. रक्त कुणी झेललं? मासा म्हणतो मी, माझ्या बशीत. कफन शिवायला भुंगेरा, खड्डा खणायला घुबड, पाद्री व्हायला कावळ्याच्या जातीतला रूक, आणि शेवटी घंटा कोण वाजवणार तर बैल, कारण दोर ओढायची ताकद त्याच्यात आहे. घंटा वाजते आणि आकाशातले सगळे पक्षी हुंदके देऊन रडतात. झालं, संपलं गाणं. साधारण 1744 च्या सुमाराला हे लंडनमध्ये पहिल्यांदा छापलं गेलं, तेव्हा त्यात थोडीच कडवी होती, लांबलचक रूप नंतरचं. मूळ याहून बरंच जुनं असावं असं म्हणतात, कुणी त्याचा संबंध त्या वेळच्या पंतप्रधान वॉलपोलच्या पडण्याशीही जोडतं, पण मला त्यात फार रस नाही. मला रस आहे तो त्या चिमणीच्या उत्तरात.

माझ्या मुलीला पहिल्या दिवशी ते पटलंच नाही. तिच्यासाठी चिमणी म्हणजे चिऊताई, मेणाच्या घरातली, बाळाला तीट लावणारी. "चिऊ असं करणार नाही," म्हणाली आणि चित्रावर हातच ठेवला तिने, चिमणीच्या अंगावर, दिसू नये म्हणून. आपल्याकडे दार उघड म्हणून भिजत उभा राहणारा कावळा, तो तिथे चक्क पाद्रीबुवा होऊन पुस्तक वाचतोय. सगळंच उलटं. मग तिने विचारलं, "का मारलं पण?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण गाण्यात ते नाहीच. भांडण काय होतं, चूक झाली का, काहीच नाही. फक्त, मी मारलं.

आता सिरीज. एका लेखकाच्या, डेरेक रॉबिन्सनच्या, 1983 च्या कादंबरीवरून केलेली आहे. हॉर्नेट स्क्वॉड्रन नावाची काल्पनिक तुकडी, सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध सुरू झाल्यापासून ते सप्टेंबर 1940 पर्यंतचं एक वर्ष. सगळी विशी-बाविशीतली पोरं. फ्रान्समध्ये एका आलिशान गढीत राहतात, उत्तम जेवण, वाइन, कुत्रा, मस्करी. पीस ऑफ केक म्हणजे त्यांच्या बोलीत डाव्या हाताचा मळ, काहीच अवघड नाही असं. आणि ते तसं म्हणत म्हणत एकेक जण जातो.

कादंबरीत हरिकेन विमानं आहेत आणि सिरीजमध्ये स्पिटफायर, कारण उडू शकतील अशी हरिकेन तेव्हा पुरेशी उरलीच नव्हती. काही लोक यावर अजून वाद घालतात, घालू देत. पण आकाशातली दृश्यं खरी आहेत हो, कॉम्प्युटरवर केलेली नाहीत. एका प्रसंगात स्पिटफायर नदीवरच्या दगडी पुलाच्या कमानीखालून जातं, ते टीज नदीवरच्या विन्स्टन पुलाखालून रे हॅना नावाच्या पायलटने खरोखर नेलंय. हा माणूस पूर्वी रेड ॲरोजचा, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या कसरती करणाऱ्या विमानांच्या चमूचा, लीडर होता. आम्ही तो तुकडा चार वेळा मागे घेऊन बघितला आणि चौथ्या वेळी सासरे म्हणाले, पंखांच्या टोकाकडे बघ, हलतसुद्धा नाहीत. कथेत मात्र मॉगी नावाचा एक उद्दाम पोरगा गंमत म्हणून हे करतो आणि मग त्याच्या चिथावणीवरून दुसरा करायला जातो आणि मरतो. त्याला कुणी मारलं? जर्मनांनी तर नाही.

सिरीज आली तेव्हा इंग्लंडात बराच गदारोळ झाला होता. ब्रिटनच्या लढाईत, म्हणजे 1940 मध्ये ब्रिटनवर चालून आलेल्या जर्मन विमानांशी झालेल्या हवाई लढाईत, खरोखर लढलेले म्हातारे पायलट तेव्हा हयात होते आणि त्यातल्या अनेकांना ती अजिबात आवडली नाही. आम्ही असे नव्हतो, आमच्या मित्रांची अशी बदनामी करू नका, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा राग मला कळतो, मनापासून कळतो. त्या लढाईत, म्हणजे 10 जुलै ते 31 ऑक्टोबर 1940 या पावणेचार महिन्यांत, आरएएफच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या, बाजूने जवळजवळ तीन हजार वैमानिक आणि क्रू उडाले आणि त्यातले पाचशेच्या वर मेले. ज्याने सकाळी शेजारी बसून चहा घेतलेला मित्र दुपारी गमावलाय त्याला टीव्हीवर मॉगीसारखा मित्राला छळणारा पोरगा बघवणार नाहीच.

पण तरी मला ही सिरीज त्यांच्या मैत्रीचा अपमान वाटत नाही. मला ती कॉक रॉबिनच्या गाण्यासारखी वाटते. दोघंही तोच प्रश्न विचारतात, कुणी मारलं, आणि मग शांतपणे एकेकाकडे बघत राहतात.

म्हणजे बघा, कथेच्या सुरुवातीलाच या स्क्वॉड्रनमधला फॅनी बार्टन एक विमान पाडतो आणि ते निघतं ब्रिटिशांचंच ब्लेनहाइम. कुणाला वाटेल लेखकाने उगाच रचलं. पण असं खरंच घडलेलं आहे. युद्ध सुरू होऊन तीनच दिवस झाले होते, 6 सप्टेंबर 1939, सकाळी खोटा इशारा झाला, सगळीकडून विमानं उठली आणि 74 स्क्वॉड्रनच्या स्पिटफायर्सनी आपल्याच 56 स्क्वॉड्रनची दोन हरिकेन पाडली. त्यात माँटेग्यू हल्टन-हॅरप नावाचा 26 वर्षांचा पायलट गेला. त्या युद्धात मेलेला आरएएफचा पहिला फायटर पायलट, आणि तो मेला आपल्याच माणसाच्या गोळीने. बार्किंग क्रीकची लढाई म्हणतात त्याला, लढाई कसली. दोन पायलट्सचं कोर्ट मार्शल झालं, ते निर्दोष सुटले. त्यांच्याच फ्लाइटच्या लीडरने त्यांच्या विरुद्ध साक्ष दिली, तो म्हणाला मी हल्ला थांबवायला सांगितलं होतं. मी हे वाचलं तेव्हा मला पुस्तकातलं ते चित्र आठवलं, धनुष्य हातात घेऊन उभी असलेली चिमणी. पक्ष्याने पक्षी मारलाय. फरक एवढाच की गाण्यातली चिमणी पहिल्याच ओळीत पुढे येऊन सांगते.

आणि ती माशी! मी, माझ्या इवल्या डोळ्याने. हे तर अक्षरशः स्क्वॉड्रनच्या इंटेलिजन्स ऑफिसरचं काम. पायलट खाली उतरला की हा ऑफिसर वही घेऊन समोर, किती पाडली, कुठे पाडली, पडताना कुणी बघितलं? साक्षीदार लागायचा. कादंबरीत स्कल नावाचा चष्मेवाला ऑफिसर आहे, मुळातला अभ्यासू माणूस, तो या आकड्यांवर शंका घेतो आणि सगळ्यांचा नावडता होतो. पण त्याची शंका बरोबरच होती ना. 15 सप्टेंबर 1940 ला ब्रिटनने जाहीर केलं की आज 185 जर्मन विमानं पाडली. युद्धानंतर जर्मन नोंदी तपासल्या तेव्हा खरा आकडा साठच्या आसपास निघाला. पोरं खोटं बोलत होती का? नाही. एका विमानावर तिघंचौघं गोळ्या झाडायची, ते पडलं की चौघांनाही वाटायचं मीच पाडलं. जर्मन मेसरश्मिट सूर मारून पळताना इंजिनातून काळा धूर सोडायचं, मागच्याला वाटायचं लागली आग. आठ मशीनगन्स होत्या पण गोळ्या जेमतेम पंधरा सेकंद पुरतील एवढ्या, आणि तेवढ्या वेळात स्वतःच्या पाठीमागे कोण आहे तेही बघायचं. कोण थांबून बघणार ते विमान जमिनीला लागलं की नाही? इवला डोळाच तो.

मागे बघण्यावरून आठवलं. सिरीजमध्ये स्क्वॉड्रन लीडर रेक्स, मोठा दिलदार, पैसेवाला, पोरांवर जीव लावणारा, पण हट्ट एकच, विमानं एकमेकांना खेटून इंग्रजी व्ही अक्षरासारखी उडाली पाहिजेत. दिसायला सुंदर. पण त्यात बाजूचे दोघं सगळा वेळ लीडरच्या पंखाकडे बघत राहतात, टक्कर होऊ नये म्हणून, आणि शत्रूकडे बघायला उरतो एकटा लीडर. जर्मनांनी स्पेनच्या यादवी युद्धातच चार विमानांची मोकळी रचना शिकून घेतली होती, प्रत्येकाला मान वळवायला जागा. स्पेनमध्ये लढून आलेला हार्ट नावाचा अमेरिकन पोरगा हेच कानीकपाळी ओरडून सांगत असतो आणि त्याला वेड्यात काढतात. ड्रिल बुकात लिहिलंय तसंच उडायचं. मग शेवटच्या विमानातला पोरगा गेला तर त्याला कुणी मारलं, जर्मन पायलटने, का रेक्सने, का ज्याने ऑफिसात बसून ते ड्रिल बुक लिहिलं त्याने? रेक्स वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं. तो वाईट नाही हेच तर पोटात कालवतं.

माझे सासरे हवाई दलात इंजिन फिटर होते, आयुष्याची बरीच वर्षं पंजाबात गेली. ते सिरीज बघताना पायलटकडे बघतच नाहीत, मागे कोपऱ्यात उभे असलेले मेकॅनिक बघतात. ते म्हणाले, "विमान गेलं की आम्ही आभाळाकडे बघायचो नाही, घड्याळाकडे बघायचो. इंधन किती तास आहे ते ठाऊक असतं. तेवढा वेळ सरला की मग वर बघण्यात अर्थ नसतो." मी त्यांना सांगितलं की तेव्हा स्पिटफायरच्या बंदुकांच्या तोंडांवर लाल कापडाची ठिगळं चिकटवायचे, आत धूळ-बाष्प जाऊ नये म्हणून, आणि गोळ्या झाडल्या की ती फाटायची आणि उतरताना त्या उघड्या भोकांतून वारा शीळ घालायचा, त्यावरून खालच्यांना न बघता कळायचं की आज गाठ पडली. सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ठिगळं परत लावायला किती वेळ लागत असेल. त्यांचा जीव तिथेच, पुढच्या उड्डाणात. मेलेल्या पायलटचं सामान आवरायलाही माणूस असतो, कपडे, पत्रं, वस्तरा, सगळ्याची यादी करून घरी पाठवायची. ते भुंगेऱ्याचं आणि घुबडाचं काम, म्हणायचं तर. सिरीजमध्ये ॲडज्युटंट, म्हणजे तुकडीचं कागदोपत्री काम बघणारा ऑफिसर, केलवे आहे, पहिलं महायुद्ध बघितलेला वयस्कर माणूस, त्याच्या वाट्याला ही सगळी कामं. मला पूर्ण सिरीजमध्ये सगळ्यात जास्त माया त्याच्याबद्दल वाटली.

फक्त बैलाचं काम करायला 1940 मध्ये कुणी नव्हतं. ही गोष्ट मला फार लागली. जून 1940 मध्ये ब्रिटिश सरकारने सगळ्या चर्चच्या घंटा वाजवायला बंदी केली. घंटा वाजली तर याचा अर्थ एकच, जर्मन उतरले. पुढे नोव्हेंबर 1942 मध्ये इजिप्तमधल्या एल अलामेनच्या विजयाबद्दल त्या पुन्हा वाजल्या. म्हणजे त्या अख्ख्या उन्हाळ्यात ती पोरं पुरली जात होती आणि कुठल्याही गावात कुणासाठी घंटा वाजत नव्हती. लहानपणापासून कॉक रॉबिन ऐकत वाढलेला देश आणि गाण्यातला शेवटचा मानही देता आला नाही.

मुलीच्या मैत्रिणीकडे हेच गाणं दुसऱ्या एका नव्या पुस्तकात आहे, त्यात रॉबिन मरत नाही, आजारी पडतो आणि सगळे मिळून त्याला बरं करतात. हेतू चांगला असेल, पण मला राग आला त्याचा, खरंच राग आला. मुलांना मरण कळत नाही असं कुणी ठरवलं? आम्ही धानोरीत राहतो, लोहगावची सुखोई आमच्या डोक्यावरून जातात, भांडी वाजतात, फोनवर बोलणं थांबवावं लागतं. मुलगी कानावर हात ठेवून गच्चीत मोजते, गेली किती, आली किती. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. आकडा जुळला की खाली येते आणि जुळला नाही तर आजोबांना विचारते. विमानांना जमिनीवर परत यावं लागतं हे तिला ठाऊक आहे. ज्या मुलीला एवढं ठाऊक आहे तिला मी रॉबिन बरा झाला म्हणून का सांगू?

आणि सिरीजवाल्यांकडूनही त्या वेळी हेच मागितलं जात होतं ना, पोरं सगळी शहाणी दाखवा, चुका नकोत, मत्सर नको, भीती नको. आपल्याकडेही सैनिकांवर काही केलं की हेच मागतात लोक. मला उलट वाटतं, बावीस वर्षांचा पोरगा जसा असतो तसा दाखवा, चिडका, बढाईखोर, रात्री उलटी होईपर्यंत घाबरणारा, आणि तरी सकाळी हाक आली की विमानाकडे धावणारा. त्या धावण्याची किंमत तेव्हाच कळते.

काल सहावा भाग संपला. नावं वर सरकत होती तेव्हा सासरे उठले नाहीत, मीही उठले नाही. आत जाऊन बघितलं तर मुलगी अजून जागी, पुस्तक उशाशी. म्हणाली, आज तू वाचू नको, मी सांगते. आणि तिने चित्रांवर बोट ठेवत पूर्ण गाणं मराठीत सांगितलं, माशी, मासा, भुंगेरा, घुबड, बैल, सगळ्यांना क्रमाने. चिमणीच्या पानावर या वेळी हात ठेवला नाही. "चिऊ म्हणाली मी मारलं," एवढंच म्हणाली आणि पान उलटलं.