फिलीज १९६४ : दोष फक्त 'दोन दिवसांच्या विश्रांती'चा नाही

बेसबॉलच्या इतिहासातल्या मोठ्या घसरणींची यादी निघाली की फिलाडेल्फिया फिलीजचा १९६४ चा सीझन वर असतोच. आणि त्याचं एका ओळीतलं उत्तरही ठरलेलं असतं: मॅनेजर जीन मॉक घाबरला, त्याने जिम बनिंग आणि ख्रिस शॉर्ट या दोन पिचरना (चेंडू टाकणाऱ्यांना) पुरेशी विश्रांती न देता पिळून काढलं आणि हातातली नॅशनल लीगची चॅम्पियनशिप गेली. मला हे उत्तर अर्धवट वाटतं. तारखा आणि स्कोअर शेजारी मांडून बघितले की चित्र वेगळं दिसतं.

आधी गणित. २१ सप्टेंबरच्या सकाळी फिलीजचे ९० विजय आणि ६० पराभव होते. सिनसिनाटी रेड्स आणि सेंट लुईस कार्डिनल्स दोघेही ८३-६६ वर. बेसबॉलमध्ये आघाडी मोजताना विजयांतला फरक आणि पराभवांतला फरक यांची बेरीज करून निम्मी करतात. इथे ७ अधिक ६, म्हणजे साडेसहा सामन्यांची आघाडी, आणि उरले होते फक्त १२ सामने. वर्ल्ड सिरीजची, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेची तिकिटं छापून झाली होती. याच मॉकच्या टीमने १९६१ मध्ये सलग २३ सामने गमावले होते, हे लक्षात घेतलं की शहराला काय वाटत असेल याची कल्पना येते. डिक ॲलनने पहिल्याच पूर्ण सीझनमध्ये .३१८ च्या सरासरीने (दर हजार संधींमागे ३१८ हिट्स) २०१ हिट्स मारल्या, जॉनी कॅलिसनने ३१ होम रन मारले, आणि बनिंगने २१ जूनला न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध परफेक्ट गेम टाकला: २७ बॅटर आले, २७ आउट, एकही बेसवर पोचला नाही.

त्यानंतर सलग दहा पराभव.

आता विश्रांतीचा मुद्दा. त्या काळात चार स्टार्टर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारे पिचर आळीपाळीने टाकायचे. आज टाकलं की मधले तीन दिवस विश्रांती आणि चौथ्या दिवशी पुन्हा, ही सर्वमान्य पद्धत होती. क्रिकेटमधला फास्ट बोलर लागोपाठच्या दिवसांत स्पेल टाकतो, तसं इथे चालत नाही. स्टार्टर एका सामन्यात शंभरच्या आसपास चेंडू पूर्ण ताकदीने टाकतो, आणि खांदा-कोपर सावरायला वेळ लागतो. थकल्यावर नुसता वेग कमी होत नाही. ब्रेकिंग बॉल (वळणारा चेंडू) शेवटच्या क्षणी वळायचा थांबतो आणि कंबरेच्या उंचीवर राहतो, बॅटरला हवा तिथे. बनिंग ३२ वर्षांचा होता, साइड आर्म (हात बाजूने फिरवून) टाकायचा, स्लायडर हा वेगाने बाजूला वळणारा चेंडू त्याचं मुख्य हत्यार. असा पिचर थकला की लगेच उघडा पडतो.

पण दहा पराभवांपैकी दोन दिवसांच्या विश्रांतीवर टाकलेले सामने किती? चार. शॉर्ट २५ आणि २८ सप्टेंबरला, बनिंग २७ आणि ३० ला. त्यातही २५ ला शॉर्टने चांगलं टाकलं होतं. तो सामना नेहमीच्या नऊऐवजी १२ इनिंगपर्यंत लांबला आणि मिलवॉकी ब्रेव्हजने ७-५ ने जिंकला. म्हणजे पिळून काढण्याचा थेट फटका तीन सामन्यांना बसला असं म्हणता येईल. उरलेल्या सात पराभवांचं काय?

२१ तारखेला आर्ट महॅफीने सुरेख टाकलं. सहाव्या इनिंगमध्ये रेड्सचा चिको रुईझ थर्ड बेसवर, दोन आउट, आणि बॅटिंगला फ्रँक रॉबिन्सन. असा बॅटर समोर असताना कोणी होम चोरायला, म्हणजे फटक्याची वाट न बघता थर्ड बेसवरून होम प्लेट गाठून रन काढायला धावत नाही, कारण पकडला गेला तर रॉबिन्सनची संधीच वाया जाते. रुईझ धावला. तो दिसताच महॅफीचा चेंडू भरकटला, कॅचर क्ले डॅलरिम्पलच्या आवाक्याबाहेर गेला आणि तेवढ्या एका रनवर रेड्सने १-० ने सामना घेतला. दोनच दिवसांपूर्वी लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्सच्या विली डेव्हिसने सोळाव्या इनिंगमध्ये होम चोरूनच फिलीजला हरवलं होतं.

२२ ला शॉर्ट आणि २४ ला बनिंग, दोघेही नेहमीच्या तीन दिवसांच्या विश्रांतीवर हरले. २३ ला डेनिस बेनेट हरला, त्याचा खांदा दुखत होता. २६ चा पराभव माझ्या मते सगळ्यात जिव्हारी लागणारा. फिलीज नवव्या इनिंगमध्ये ४-३ ने पुढे होते, बेस भरलेले, आणि ब्रेव्हजच्या रिको कार्टीने फिलीजचा पिचर बॉबी शान्ट्झला ट्रिपल (थेट थर्ड बेसपर्यंत नेणारा फटका) मारला. तीन रन, ६-४. शान्ट्झचा त्या दिवशी ३९ वा वाढदिवस होता. याच मैदानावर, फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सकडून खेळताना, तो १९५२ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता.

या दहा सामन्यांत फिलीजचे ३४ रन, प्रतिस्पर्ध्यांचे ६५. पण सहा पराभव दोन किंवा त्याहून कमी रनने झाले. याचं मूळ पिचिंगइतकंच बॅटिंगमध्ये आहे. ऑगस्टमध्ये मेट्सकडून आणलेल्या फ्रँक थॉमसने फर्स्ट बेसची जागा आणि रन या दोन्ही अडचणी सोडवल्या होत्या. ८ सप्टेंबरला बेसवर स्लाइड करताना त्याच्या अंगठ्याचं हाड मोडलं. बदली म्हणून घाईने आणलेला व्हिक पॉवर फील्डिंगमध्ये उत्तम, पण फिलीजसाठी त्याची सरासरी .२०८ राहिली. या दुखापतीला मॉकच्या निर्णयांइतकं वजन द्यायला हवं, आणि ते क्वचितच दिलं जातं. २७ ला कॅलिसनने एकट्याने तीन होम रन मारले, तरी फिलीज १४-८ ने हरले. त्याच दिवशी पहिलं स्थानही गेलं.

मग मॉक निर्दोष का? नाही. त्याची चूक मला दुसरीकडे दिसते. पहिली, १६ सप्टेंबरला ह्यूस्टनमध्ये. तेव्हा आघाडी भक्कम होती, कुठलीही निकड नव्हती, तरी बनिंगला १३ च्या दहा इनिंगच्या सामन्यानंतर दोनच दिवसांनी उभं केलं. तो सामना ६-५ ने गेला. दुसरी चूक महॅफीची. २१ ला त्याने एकच रन दिला, २६ ला आघाडी असताना मैदान सोडलं. घसरणीच्या त्या दहा दिवसांत तोच सगळ्यात भरवशाचा स्टार्टर होता, आणि २६ नंतर त्याला पुन्हा सुरुवात दिलीच नाही. ३० ला सेंट लुईसमध्ये तो तीन दिवसांच्या विश्रांतीवर उपलब्ध होता. मॉकने पुन्हा बनिंगला पाठवलं. बनिंग चौथी इनिंगही पूर्ण करू शकला नाही, ८-५ ने पराभव.

कार्डिनल्सचं श्रेयही नाकारू नये. उरलेल्या १३ पैकी १० सामने त्यांनी जिंकले, त्यात पिट्सबर्गमध्ये सलग पाच. जूनमध्ये आणलेला लू ब्रॉक त्यांच्यासाठी .३४८ ने खेळला. शेवटी कार्डिनल्स ९३-६९, फिलीज आणि रेड्स ९२-७०. बाकी सगळे निकाल तसेच ठेवून कार्डिनल्सविरुद्धच्या सेंट लुईसमधल्या तीनपैकी (२८ ते ३० सप्टेंबर) एकच सामना फिलीजने जिंकला असता, तर ९३ विजयांसह ते एकटे पहिले आले असते.

शक्य होतं का? २१ पासूनचा क्रम न मोडता पुढे नेऊन बघा. २१ महॅफी, २२ शॉर्ट, २३ बेनेट, २४ बनिंग. मग २५ महॅफी, २६ शॉर्ट, २७ बेनेट, २८ बनिंग, २९ महॅफी, ३० शॉर्ट. १ ऑक्टोबरला सुट्टी, २ ला बनिंग, ३ ला सुट्टी, ४ ला शॉर्ट. प्रत्येकाला प्रत्येक वेळी तीन दिवस मिळतात. प्रत्यक्षातही शेवटच्या दोन सामन्यांत शॉर्ट आणि बनिंग यांना तीन दिवस मिळाले, आणि फिलीजने रेड्सना ४-३ आणि १०-० असं हरवलं. या क्रमात अडचणीचा दिवस एकच, २७ सप्टेंबरचा रविवार, कारण बेनेटचा खांदा. त्याला जमत नसेल तर तो सामना रिलीव्हर (स्टार्टरनंतर उतरणाऱ्या) पिचरांमध्ये वाटून द्यायचा होता. बनिंगला उभं करून तरी त्या दिवशी १४ रन गेलेच.