झोप लागली नाही, पुढची तारीख घ्या

माझ्या भाचीची बेरा टेस्ट तिसऱ्या खेपेला झाली. तेव्हा ती दोन वर्षं सात महिन्यांची होती. पहिली खेप झाली तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. मधल्या आठ महिन्यांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. बहिणीला विचारलं, ती म्हणाली, "ताई, लिही. पण मुलीचं नाव नको." म्हणून इथे तिला चिऊ म्हणते.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. बेरा म्हणजे कानात सोडलेल्या आवाजाचा संदेश मेंदूपर्यंत पोचतो का, हे बघायची तपासणी. कपाळावर आणि कानामागे छोट्या तारा चिकटवतात, कानात टक् टक् आवाज सोडतात, आणि लहरी संगणकावर उमटतात. मुलाने हात वर करायला नको, काही सांगायला नको. म्हणून तान्ह्या मुलांसाठी ही तपासणी फार मोलाची. अट एकच, मूल गाढ झोपलेलं हवं.

आमच्या गावाहून जिल्ह्याचं ठिकाण नव्वद किलोमीटर. चिठ्ठीवर लिहून दिलं होतं की रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा, वाटेत अजिबात झोपू देऊ नका. पाचची एसटी. बहीण आणि तिचा नवरा अडीच तास तिला खेळवत, उभं करत, तोंडावर पाणी लावत घेऊन गेले. शेवटच्या अर्ध्या तासात गाडीच्या हेलकाव्यांनी पोर झोपलीच. दवाखान्यात उतरली ती टक्क जागी. झोपेचं औषध पाजलं, अर्धं तिने ओकून टाकलं. अनोळखी खोली, अनोळखी माणसं, रडून रडून तिचा घसा बसला. दुपारी खोली बंद करायची वेळ झाली आणि सांगितलं, "झोप लागली नाही, पुढची तारीख घ्या." पुढची तारीख जवळजवळ चार महिन्यांनंतरची होती.

दुसऱ्या खेपेला बेराचं मशीन बंद होतं. आठवड्यापासून बंद होतं, पण ज्यांना तारखा दिल्या होत्या त्यांना कोणी कळवलं नव्हतं. पुन्हा चार महिने.

तिसऱ्या वेळी बहीण शहाणी झाली. आदल्या दिवशीच जाऊन एका नातेवाइकांकडे मुक्काम केला. चिऊ झोपली, टेस्ट झाली, दोन्ही कानांना तीव्र बहिरेपणा निघाला.

तपासणाऱ्या मॅडमवर माझा राग नाही. त्या एकट्या होत्या. ऑडिओमेट्री, म्हणजे आवाज ऐकवून किती ऐकू येतं ते मोजणं, त्याच करायच्या, बेरा त्याच, कानाचं मशीन बसवून द्यायच्या त्याच, दिव्यांग प्रमाणपत्राच्या वारी सगळ्या जिल्ह्याची रांगही त्यांच्याच दारात. तिसऱ्या खेपेला मीही सोबत होते. मॅडम तीन वाजता जेवायला उठल्या.

माझं म्हणणं त्या तारखांबद्दल आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन चार महिने लांबलं तर माणसाचे हाल होतात, ते मी कमी लेखत नाही. पण ऑपरेशन झालं की त्याला दिसायला लागतं. दोन वर्षांच्या मुलाचे चार महिने असे परत मिळत नाहीत. ऐकून भाषा उचलायचं वय पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत सगळ्यात जोरात असतं. म्हणूनच जगभर एक-तीन-सहा असा नियम मानतात. पहिल्या महिन्यात कानाची प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. चिऊचं निदान एकतिसाव्या महिन्यात झालं. आणि तारखांच्या वहीत तिचं नाव सत्तर वर्षांच्या आजोबांच्या खाली, ज्या क्रमाने आलं त्या क्रमाने. सगळ्यांना एकच रांग लावणं दिसायला न्यायाचं दिसतं. मला ते अन्यायाचं वाटतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरा वर्षं शिकवते. दर वर्षी वर्गात एक-दोन मुलं अशी असतात की ज्यांचा कान वाहतो. घरचे म्हणतात, "थंडीने फुटलाय, तेल टाकलंय." मूल मागे बसतं, हाक मारली तर वळत नाही, आणि हळूहळू त्याच्यावर 'लक्ष नाही' असा शिक्का बसतो. तो शिक्का सुरुवातीच्या वर्षांत मीही मारला आहे, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. वाहणारा कान वेळेत कोरडा केला, औषध पुरेसे दिवस दिलं, तर त्यातल्या कितीतरी मुलांना पुढे मशीन लागणारच नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की लहान मुलांमधला जवळजवळ ६० टक्के बहिरेपणा टाळता येण्याजोग्या कारणांनी होतो. हा बहिरेपणा आज टाळला जात नाही, म्हणून ही मुलं उद्या त्याच रांगेत येतात.

योजना नाहीत असं मुळीच नाही. राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध आणि नियंत्रण कार्यक्रम २००६-०७ मध्ये २५ जिल्ह्यांपासून सुरू झाला. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्याच पालघरमधून, आणि त्याच्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहे. कॉक्लियर इम्प्लांट म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र. त्याचा लाखांचा खर्च दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या ॲडिप योजनेतून होतो, त्याचं काम मुंबईत बांद्र्याला असलेली, ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करणारी अली यावर जंग संस्था बघते. ती संस्था १९८३ पासून आहे. चिऊचं इम्प्लांट याच योजनेतून झालं, आमचा एक रुपया गेला नाही, आणि त्याबद्दल आम्ही सगळे मनापासून कृतज्ञ आहोत. पण जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी योजनेत पाच वर्षांची वयोमर्यादा आहे. त्याआधी काही महिने मशीन लावून बघायचं, कागद गोळा करायचे, प्रमाणपत्र काढायचं, मग नंबर. चिऊचं ऑपरेशन तीन वर्षं पाच महिन्यांना झालं. बेराच्या तिसऱ्या खेपेला तिच्याबरोबर बाकावर एक मुलगा होता, साडेचार वर्षांचा, पहिल्यांदाच तपासणीला आलेला. त्याचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. त्याची आई सारखी विचारत होती, "अजून उशीर नाही ना झाला?"

त्या बाकावरची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ज्यांना ऐकू येत नाही अशा माणसांच्या रांगेत नंबर ओरडून पुकारत होते. एक म्हातारे गृहस्थ एकटेच आले होते, त्यांचा नंबर दोनदा पुकारला गेला आणि पुढे सरकला. शेवटी शेजारच्या बाईने त्यांच्या हातातली चिठ्ठी वाचून त्यांना आत ढकललं. दाराशी आकड्याची पाटी लावायला किती पैसे लागतात?

आमच्या घरात दुसरी गोष्ट वडिलांची. अण्णांना एका शिबिरात कानाचं मशीन फुकट मिळालं. मंडप, हार, फोटो, रांगेने वाटप. कानाचं माप घेऊन केलेला साचा नाही, तर सगळ्यांना सारखीच रबरी टोपी. ती कानात नीट बसत नाही, आवाज बाहेर झिरपतो आणि मशीन शिट्टी मारतं. देवळात कीर्तनाला बसले की आजूबाजूचे वळून बघतात. महिन्याभरात त्यांनी ते काढून ठेवलं. ते जुळवून घ्यायचं तर पुन्हा जिल्ह्याला, पुन्हा त्याच मॅडमकडे, पुन्हा तारीख. आता अण्णा फोनवर बोलत नाहीत, पारावर जात नाहीत. ऐकू न येणं आणि म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश यांचा संबंध गेल्या काही वर्षांत संशोधनातून स्पष्ट झाला आहे, आणि त्यांना गप्प गप्प बसलेलं बघून मला त्याची भीती वाटते. जगात ज्यांना मशीनचा उपयोग होईल, त्यांतल्या फक्त १७ टक्के लोकांच्या कानात ते आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा अहवाल म्हणतो. वाटलेली पण काढून ठेवलेली मशीनं मोजली तर आपल्याकडे चित्र काय दिसेल?

मग करायचं काय? मी डॉक्टर नाही, पण रांगेत बसून जे दिसलं ते सांगते.

बाळंतपण होतं तिथेच कान तपासा. ओएई नावाचं हातात मावणारं यंत्र असतं, झोपलेल्या बाळाच्या कानाला लावलं की काही मिनिटांत पास की पुन्हा तपासा ते सांगतं. ते चालवायला तज्ज्ञ लागत नाही, परिचारिका शिकू शकते. केरळने सरकारी प्रसूतिगृहांत हे करून दाखवलं आहे. चिऊ ग्रामीण रुग्णालयात जन्मली. बीसीजी दिलं, वजन केलं, कान कोणी तपासला नाही.

तीन वर्षांखालच्या मुलांची वही वेगळी ठेवा आणि त्यांना पंधरा दिवसांच्या आत तारीख द्या. लांबून येणाऱ्या आईला आदल्या रात्री वॉर्डात एक खाट द्या. मूल झोपलं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा प्रयत्न करा, घरी पाठवू नका. या एका खाटेने आमचे चार महिने वाचले असते.

कानातला मळ आणि वाहणारे कान प्राथमिक आरोग्य केंद्रातच बघा. त्या दिवशी रांगेतल्या कितीतरी जणांना आतून एकच उत्तर मिळालं, "मळ आहे, थेंब टाका, आठ दिवसांनी या." शंभर किलोमीटर येऊन!

ऑडिओलॉजिस्टनी, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञांनी, आठवड्यातला एक ठरलेला वार उपजिल्हा रुग्णालयात बसावं. त्यासाठी जिल्ह्यात एकच नव्हे, तीन-चार जणांची कायम पदं लागतील, अकरा महिन्यांच्या करारावर माणूस टिकत नाही. मशीन जुळवणं, साचा बदलणं, बॅटरी देणं हे प्रशिक्षित सहायक करू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी हीच पद्धत सुचवली आहे. आपल्याकडे आशाताईंचं जाळं आहे, त्यांच्यावर फुकटचं ओझं न टाकता मोबदला देऊन हे काम का देता येऊ नये?

आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने दारावर एक आकडा लिहावा. आज नाव नोंदवलं तर बेरा किती दिवसांनी होईल. हा आकडा कुठेच लिहिलेला नसतो, म्हणून त्याबद्दल कोणाला जाब विचारता येत नाही.

चिऊ आता पाच वर्षांची आहे. आठवड्यातून दोनदा थेरपी, घरी बहीण रोज तासभर बसते. मला 'माशी' म्हणते, 'व' अजून येत नाही. तिच्यासारखंच इम्प्लांट झालेली, पण दीड वर्षाची असताना झालेली एक मुलगी थेरपीला येते, ती तिच्याहून लहान आहे आणि गोष्ट सांगते. बहीण तिच्याकडे बघत बसते. काही बोलत नाही.

३ मार्चला जागतिक श्रवण दिन असतो. त्या दिवशी आम्ही काही पालक आणि शिक्षक मिळून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना निवेदन देणार आहोत. त्यासाठी मदत हवी आहे. तुमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात कान तपासणारे तज्ज्ञ कोणत्या वारी येतात, की येतच नाहीत, आणि बेराची तारीख तुम्हाला किती दिवसांनंतरची मिळाली, एवढं जिल्ह्याच्या नावासह खाली लिहा. मुलाचं नाव लिहू नका, वय मात्र नक्की लिहा.