'सैन्य ही प्रयोगशाळा नाही' म्हणणाऱ्या वाचकास

२६ जुलैच्या निमित्ताने मी लिहिलेल्या लेखावर एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांची प्रतिक्रिया आली आहे. १९४८ साली त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी आदेश क्रमांक ९९८१ वर सही केली आणि अमेरिकेच्या सैन्यातल्या काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या पलटणी, वेगळ्या बराकी, वेगळी जेवणघरं मोडीत निघायला सुरुवात झाली, असा तो लेख होता. प्रतिक्रिया अशी:

"ताई, लेख भावनेने ओथंबलेला आहे, पण लष्कर भावनेवर चालत नाही. २४ वी रेजिमेंट १९५० ला नाही, १९५१ ला मोडली. ट्रूमनच्या आदेशात पलटणी एकत्र करा असं कुठेही म्हटलेलं नाही. खरं काम कोरियातल्या माणसांच्या टंचाईने केलं. व्हिएतनामबद्दल अवाक्षर नाही. सैन्य ही सामाजिक प्रयोगशाळा नाही, हे वर्दी न घातलेल्यांना कळणं कठीण. उत्तराची अपेक्षा नाही."

उत्तराची अपेक्षा नसली तरी देते आहे.

आधी चूक कबूल करते. २४ वी इन्फन्ट्री रेजिमेंट, म्हणजे अमेरिकेच्या सैन्यातली काळ्या सैनिकांची वेगळी पलटण, १ ऑक्टोबर १९५१ ला विसर्जित झाली. १९५० हे कोरियन युद्ध सुरू झाल्याचं साल, ते मी भलत्या जागी लिहिलं. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार, आणि ते मनापासून आहेत.

पण साल चुकलं, तर साल चुकलं एवढंच लिहायचं होतं. 'ताई' म्हणायला माझी काहीच हरकत नाही, आमच्या गल्लीत लहानथोर सगळे म्हणतात. तुमच्या वाक्यातलं 'ताई' मात्र बाईला हळूच स्वयंपाकघराकडे वळवणारं आहे. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी तो सूर मला ओळखू येतो. 'दादा, लेख भावनेने ओथंबलेला आहे' असं तुम्ही एखाद्या पुरुषाला लिहिलं असतं का? नसतं लिहिलं. त्याच्याशी तुम्ही मुद्द्यावर भांडला असता.

'वर्दी न घातलेल्यांना कळणं कठीण.' हे वाक्य मी रात्री पुन्हा पुन्हा वाचलं. साहेब, माझा जन्म मध्य प्रदेशातल्या सागरच्या फॅमिली क्वार्टरमधला. वडील महार रेजिमेंटमध्ये मशीनगनवर होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या बुटांना पॉलिश करायचं काम माझ्याकडे असायचं. ६५ च्या लढाईत त्यांचं पत्र दीड महिना आलं नाही, तेव्हा आई ताट वाढून तशीच बसून राहायची. मी चार वर्षांची होते, तरी ते मला आठवतं. वर्दी माझ्या अंगावर नव्हती हे खरं, पण ती वाळायची ती दोरी आमच्याच अंगणात होती.

आणि आजोबा. १९२५ च्या सुमारास ते भरतीला गेले. छाती मोजायच्या आधी जात विचारली गेली आणि ते आल्या वाटेने परतले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने महारांची भरती बंद केली होती. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ ला मोडून टाकली. दुसरं महायुद्ध आलं तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिकडची २४ वी रेजिमेंट बरोबर दहा वर्षांनी त्याच तारखेला विसर्जित झाली. त्यामुळे ही तारीख आता माझ्याकडून पुन्हा चुकणार नाही. मुद्दा इतकाच, की माणसं हवी झाली की दार उघडायचं आणि गरज सरली की कडी लावायची, हे सैन्यात कसं चालतं ते मला अमेरिकेकडून शिकावं लागलं नाही. ते घरात जेवताना कानावर पडत होतं.

वर्दीलाच एवढं मोल देता, तर सार्जंट आयझॅक वुडर्डच्या अंगावर वर्दी होती. १२ फेब्रुवारी १९४६. दुसऱ्या महायुद्धात काम करून, ऑगस्टाजवळच्या छावणीतून त्याच दिवशी मोकळा होऊन तो बसने घरी निघाला होता. वाटेत बसचालकाशी बोलाचाली झाली. साऊथ कॅरोलायनातल्या बेट्सबर्गला पोलिसांनी त्याला खाली उतरवलं आणि असं मारलं की दोन्ही डोळे कायमचे गेले. त्या पोलिसप्रमुखाला गोऱ्या ज्युरीने अर्ध्या तासाच्या आत निर्दोष सोडलं. ही हकिगत ऐकून ट्रूमन हादरले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी नागरी हक्कांवर समिती नेमली आणि पुढे दोन वर्षांच्या आत आदेशावर सही केली. मी त्या लेखात भावनेने लिहिलं असेन. आंधळ्या झालेल्या सैनिकाबद्दल दुसरं कसं लिहायचं असतं, ते तुम्ही सांगा.

ज्याने ट्रूमन यांना पेचात धरलं, त्या ए. फिलिप रँडॉल्फने तर वर्दी कधीच घातली नव्हती. तो रेल्वेच्या शयनयान डब्यांतल्या पोर्टरांचा पुढारी. १९४८ च्या मार्चमध्ये त्याने राष्ट्राध्यक्षांना समोरासमोर आणि मग सिनेटच्या समितीपुढेही बजावलं की सैन्यातला भेद ठेवून सक्तीची भरती आणाल, तर काळ्या तरुणांना भरती नाकारायला मी सांगेन, त्यासाठी तुरुंगात जाईन. त्याला सैन्यातलं काय कळत होतं, असं तुम्ही म्हणाल का?

आता तुमचं प्रयोगशाळेचं वाक्य. ते तुमचं नाही. आदेश निघाल्यावर लगेच लष्करप्रमुख जनरल ओमर ब्रॅडली यांनी जवळपास हेच म्हटलं होतं: सैन्य समाजसुधारणा करायला निघालेलं नाही, देश बदलेल तेव्हा सैन्य बदलेल. ब्रॅडली यांना नंतर ट्रूमन यांच्याकडे दिलगिरी व्यक्त करावी लागली. ढीगभर पदकं मिळवलेला माणूस, मला त्यांच्याबद्दल आदरच आहे, पण त्या दिवशी ते चुकले आणि तुम्ही इतक्या वर्षांनी तेच म्हणता.

कारण प्रयोग नेमका कोणता होता? पाणी, ताट आणि खंदक एकत्र असणं ही साधी गोष्ट. वेगळं ठेवायलाच खटाटोप लागतो, माणसं लागतात, पैसा लागतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सैनिकांसाठी रक्त गोळा होत होतं, तेव्हा आधी काळ्या माणसांचं रक्त घेतच नव्हते. १९४२ पासून घेऊ लागले, तर ते वेगळं साठवलं जाई. रक्तात असा काही फरक नसतो, हे डॉक्टरांना तेव्हाही माहीत होतं. इंडियानातल्या फ्रीमन फील्ड या लष्करी विमानतळावर अधिकाऱ्यांचे दोन क्लब होते. एक नावाला प्रशिक्षकांचा, एक नावाला प्रशिक्षणार्थींचा, आणि अर्थातच एक गोरा, एक काळा. १९४५ च्या एप्रिलमध्ये काळे वैमानिक गोऱ्यांच्या क्लबात शिरले. वेगळ्या क्लबांचा नियम आपल्याला मान्य आहे, अशी सही देण्याचं १०१ अधिकाऱ्यांनी नाकारलं आणि त्या सगळ्यांना अटक झाली. युद्ध चालू असताना, बॉम्बर विमानं चालवायला शिकलेले १०१ अधिकारी एका खोलीत कोण बसणार या वादापायी कोठडीत. प्रयोगशाळा म्हणायची तर ती ही होती. मोडून काढली ती हीच.

आणि एकत्र आणल्यावर काय झालं, तेही युद्धातच दिसलं होतं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युरोपात पायदळ कमी पडलं, तेव्हा मागच्या फळीतल्या काळ्या सैनिकांना स्वेच्छेने पुढे यायला सांगितलं. कित्येक सार्जंट आपल्या फिती उतरवून साधे शिपाई झाले, कारण गोऱ्या शिपायांवर हुकूम चालवणारा काळा सार्जंट वरिष्ठांना नको होता. सुमारे २,२०० जण निवडले गेले, त्यांच्या प्लॅटून गोऱ्या कंपन्यांमध्ये जोडल्या गेल्या. नंतर लष्कराच्याच संशोधन विभागाने त्या कंपन्यांमधल्या गोऱ्या सार्जंटांना आणि अधिकाऱ्यांना विचारलं. त्यांच्यातल्या ७७ टक्क्यांचं मत आधीपेक्षा चांगलं झालं होतं. हा अहवाल तेव्हा लोकांपुढे येऊ दिला नाही. युद्ध संपलं, आणि त्या प्लॅटून मोडल्या. आजोबांच्या वेळची ती कडी पुन्हा लागली.

कोरियाबद्दल मी वाद घालणार नाही. कोरियाने घाई करायला लावली हे माझ्या लेखात आहे, तुम्ही शेवटपर्यंत वाचला असता तर दिसलं असतं. पण टंचाईनेच सगळं झालं म्हणाल, तर हवाई दलाने १९४९ मध्ये, शांततेच्या काळात, काळ्या वैमानिकांचा ३३२ वा गट मोडून माणसं सगळीकडे वाटली, त्याचं काय? तिथे कुठली टंचाई होती? आदेशात 'पलटणी एकत्र करा' हे शब्द नाहीत हे बरोबर, पण वंश, रंग, धर्म न पाहता समान वागणूक आणि समान संधी असं लिहिलेलं आहे. याचा अर्थ वेगळेपणा संपवणं असा आहे का, हे तीनच दिवसांनी पत्रकारांनी विचारलं आणि ट्रूमन हो म्हणाले. ते न सांगता तुम्ही फक्त शब्द मोजलेत. हे मला प्रामाणिक वाटलं नाही.

व्हिएतनाम हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. २६ जुलैच्या लेखात तो का नाही, हे विचारणं म्हणजे हळदीकुंकवाला आलेल्या बाईला बारशाचा पाळणा का नाही गायलास म्हणून विचारण्यासारखं आहे.

तुम्ही निवृत्त अधिकारी आहात. माझ्या वडिलांनी आयुष्यभर तुमच्यासारख्यांना सॅल्यूट ठोकला, आणि तो मनापासून होता, म्हणून मीही इथेच थांबते. फक्त एक विचारायचं आहे, आणि याचं उत्तर मला खरंच हवं आहे. वडील सांगायचे, मशीनगनवाल्यांना कधी शिखांबरोबर, कधी जाटांबरोबर राहावं लागे, आणि ज्या माणसांच्या गावात त्यांना विहिरीला हात लावू दिला नसता, ती माणसं लंगरमध्ये, म्हणजे पलटणीच्या जेवणघरात, त्यांच्या शेजारी बसून त्याच डेगीतली डाळ खात. तुमच्या पलटणीत लंगर किती होते, एक की दोन?