माप नुसतं धुऊन भागत नाही

ठाणे-नवी मुंबईतल्या डेंटल ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: 'दातांचं माप नळाखाली धुतलं की पुरे. औषधात टाकलं तर माप बिघडतं, कवळी बसत नाही. पेशंटचे रिपोर्ट साफ असतील तर काळजीच नको. आणि लॅबवाले निर्जंतुक करतातच.' मी कोपरीतल्या लॅबमध्ये पंधरा वर्षं मापांत, म्हणजे तोंडातून काढलेल्या ठशांत, स्टोन (कडक प्लास्टर) ओतून दातांची मॉडेल बनवतोय. हे वाचून गप्प बसवेना.

आधी धुण्याचं. ट्रे तोंडातून काढल्याबरोबर, रक्त-लाळ वाळायच्या आत माप धुवायलाच हवं. पण पाण्याने जंतू कमी होतात, संपत नाहीत. हिपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान 7 दिवस तग धरतो. ऐरोलीहून निघालेला डबा विटाव्याच्या ट्रॅफिकमधून माझ्या टेबलावर यायला फार तर दोन तास. मापावरचे जंतू मॉडेलवर उतरतात. मग ते मॉडेल मी ट्रिमरवर (घासून आकार देणाऱ्या यंत्रावर) धरतो आणि शिंतोडे उडतात ते माझ्या तोंडावर.

माप बिघडतं, ही भीती मात्र मी उडवून लावणार नाही, कारण बिघडलेली मापं मी पाहिली आहेत. अल्जिनेट (माप घेण्याचं एक साहित्य) पाण्यात पडून राहिलं की फुगतं, उघडं राहिलं की आक्रसतं. म्हणून तर वेळ मोजायची. 1 टक्का हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचचं द्रावण, बोलीत 'हायपो') 10 मिनिटं, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा धुवायचं, पाणी झटकायचं, ओलसर टिश्यूत गुंडाळून बंद पिशवीत ठेवायचं. बुडवायचं नसेल तर फवारा मारून तेवढाच वेळ पिशवीत बंद करायचं. मापाच्या इतर साहित्यांपैकी पॉलिइथर पाणी ओढतं, तिथे जास्त जपावं लागतं. अॅडिशन सिलिकॉन बुडवणं सहज सोसतं. वेगळं औषध आणायचीही गरज नाही: रूट कॅनॉलसाठी 3 टक्के हायपो बहुतेक क्लिनिकमध्ये असतोच. त्याच्या एका भागात दोन भाग पाणी घातलं की झालं. फक्त रोज ताजं बनवा, ऊन आणि उष्णतेने त्याचा जोर उतरतो. धातूच्या ट्रेला हायपो गंज चढवतो हे खरं, पण ट्रे त्यात रात्रभर ठेवायचा नाहीच आहे.

रिपोर्टचा मुद्दा लवकर संपतो. कवळीच्या मापाआधी रक्त तपासून घेणारा पेशंट मला तरी माहीत नाही, आणि अनेकांना आपल्याला लागण झाल्याचं ठाऊकच नसतं.

आता 'लॅब करतेच'. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने 2003च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की माप काढल्यावर शक्य तितक्या लवकर, लॅबमध्ये हाताळण्याआधी, स्वच्छ आणि निर्जंतुक करावं; काय वापरलं तेही लॅबला कळवावं. हे कळवणंच आपल्याकडे होत नाही. एकदा वाशीच्या एका क्लिनिकने माप बुडवूनच पाठवलं होतं, स्लिपवर शब्दही नव्हता. मी ते पुन्हा बुडवलं. अल्जिनेट फुगलं, कवळी हलली, पेशंटला दुसऱ्यांदा माप द्यावं लागलं. मेसेजमध्ये ज्याचा दोष औषधाला दिलाय, ते तिथे न लिहिलेल्या एका ओळीमुळे झालं होतं.

म्हणून माझी विनंती एवढीच: स्लिपवर शेडच्या (दाताच्या रंगाच्या) खाली लिहा, '1 टक्का हायपो, 10 मिनिटं'. ती ओळ नसेल तर मी आधी क्लिनिकला फोन लावतो आणि मगच डबा उघडतो.