सिग्नल लाल राहो

हिंजवडीच्या रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता माणसं हॉर्नवर तळहात ठेवून सरकारचा, कंत्राटदाराचा आणि पुढच्या गाडीवाल्याच्या घराण्याचा उद्धार करत असतात. त्यात मी नसतो. मी एसी लावून, मागे रेलून, समोरच्या पडद्यावर उमटलेली ‘ईव्ही’ ही हिरवी अक्षरं बघत बसलेला असतो. इंजिन बंद, पेट्रोल शून्य, गाडी बॅटरीवर वीतवीत पुढे सरकतेय. शेजारच्या गाडीतला माणूस वैतागून माझ्याकडे बघतो आणि मी त्याच्याकडे बघून हसतो. या हसण्यापायी मी एक दिवस मार खाणार आहे, असं बायकोचं मत आहे.

पण माझा नाइलाज आहे. हायब्रीड गाडीचा, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीवरची मोटर असं दोन्ही पोटात असलेल्या गाडीचा, हिशेबच उलटा. साधी गाडी हायवेला बरी चालते आणि शहरात पेट्रोल ढोसते. हिचं शहरातच फावतं. ब्रेक दाबला की मोटरचा जनरेटर होतो, आणि एरवी ब्रेक तापवण्यात वाया जाणारी ताकद बॅटरीत जाऊन बसते. सिग्नल सुटला की त्याच विजेवर निघायचं. एक्सप्रेस-वेला मात्र ब्रेकच लागत नाही, मग बॅटरीत जमा काय होणार? इंजिन आपलं चालूच. जादाचे पैसे मोजून हायब्रीड घेतलेल्या माणसाला मोकळा रस्ता दिसला की पोटात गोळा येतो, तो यामुळे.

जादाचे म्हणजे किती, ते काकांनी काढून ठेवलंय. काका बँकेतून निवृत्त झालेले. तरुणपणी त्यांनी फियाट चालवली आणि नंतर निघालेल्या सगळ्या गाड्यांकडे ते अंमळ दयेनं बघतात. गाडी बघायला आम्ही निघालो तेव्हा ते वही घेऊनच आले. सोबत आई, बायको आणि चिरंजीव. सोफ्यावर टेकतोय तोच टाय लावलेल्या पोरानं विचारलं, “सर, स्ट्राँग बघायची की माइल्ड?”

आई म्हणाली, “माइल्डच आण बाळा. आणि साखर कमी.”

चहा आला. मग त्यानं समजावलं. माइल्डमध्ये बॅटरी इंजिनाला नुसता हात लावते, एकट्या विजेवर गाडी चालत नाही. स्ट्राँगमध्ये चालते, पण थोडी. घरच्या मीटरवर एक युनिट पडतं ना, साधारण तेवढीच वीज तिच्यात मावते. काकांनी विचारलं, “प्लग कुठे लावायचा?”

“लावायचाच नाही सर. ती स्वतःच चार्ज होते.”

काकांनी वहीत काहीतरी लिहिलं. त्यांच्या भुवईवरून ते ‘संशयास्पद’ असावं.

मारुतीची ग्रँड व्हिटारा बघून आम्ही टोयोटाची हायरायडर बघायला गेलो, तेव्हा आई दारातच थबकली. “अरे, ही मघाशी बघितली की!” बघितलीच होती म्हणायची. दोन्ही २०२२ सालच्या, दोन्ही बंगळुरूजवळच्या बिडदीच्या एकाच कारखान्यात बनतात, थोडा चेहरामोहरा काय तो वेगळा. कागदावरचं ॲव्हरेजही दशांशापर्यंत एकच, लिटरला २७.९७ किलोमीटर. होंडाची सिटी पाहिली, तर तिच्या डिकीत बॅटरी शिरल्यामुळे ५०६ लिटरची जागा ३०६ वर आलेली. इनोव्हा हायक्रॉस सगळ्यांना आवडली. ऐसपैस आहे, देखणी आहे, आणि तिची किंमत ऐकून काकांनी वही मिटली. शेवटी कोणती घेतली ते इथे सांगत नाही. चारही गाड्यांचे मालक आमच्या नात्यात आहेत, आणि गणपतीत सगळ्यांच्या घरी जेवायला जायचं असतं.

किमतीचं म्हणाल तर, ही गाडी पर्यावरणासाठी चांगली असं सगळे म्हणतात, फक्त करवाले सोडून. विजेच्या गाडीला जीएसटी ५ टक्के. हायब्रीडला आधी सेस धरून ४३ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० झाला. आरटीओच्या लेखी ती पेट्रोलचीच, नंबरप्लेट पांढरी, टॅक्स पुरा. उत्तर प्रदेशानं २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रीडचा नोंदणी कर माफ केला, हे वाचल्यावर काका मला गंभीरपणे विचारत होते, “तुझ्या सासुरवाडीचं कोणी प्रयागराजला असतं का रे?”

मग वहीतलं ते पान. वर्षाला १२,००० किलोमीटर. साधी पेट्रोल ऑटोमॅटिक शहरात लिटरला १२ देते असं धरू, म्हणजे १,००० लिटर. हायब्रीड २० देते असं धरू, म्हणजे ६०० लिटर. वाचले ४०० लिटर, १०४ रुपयांनी ४१,६०० रुपये. जादा मोजायचे अडीच लाख. “म्हणजे सहा वर्षांनी ही गाडी तुला पहिला रुपया मिळवून देईल,” काका म्हणाले. “तोवर तू फक्त वसुली अधिकारी.” मग क्षणभर थांबून त्यांनी वाट दाखवली, “किंवा दुप्पट फीर. तीन वर्षांत वसूल.”

पेट्रोल वाचवण्यासाठी जास्त फिरायचं, हा विचार आमच्या घरात ज्या सहजतेनं स्वीकारला गेला तो पाहून मी थक्क झालो. बायकोनं तिथेच दिवेआगरचं नाव काढलं.

गाडी घरी आली, पूजा झाली. गुरुजींनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, हार घातला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि म्हणाले, “करा चालू.” मी बटण दाबलं. पडद्यावर ‘रेडी’ उमटलं. बाकी शांतता.

“करा की,” गुरुजी म्हणाले.

“झाली.”

“आवाज कुठाय?” त्यांनी बॉनेटला कान लावला. त्यांच्या कपाळाला स्वस्तिकाचं कुंकू लागलं. सगळी बिल्डिंग गॅलरीत. कुणीतरी वरून सुचवलं, “किल्ली नीट फिरवा!” गोंधळून मी पुन्हा बटण दाबलं, तर चालू असलेली गाडी बंद झाली. तिसऱ्यांदा दाबून, गिअर टाकून, ब्रेक सोडला, तेव्हा चार लिंबं फुटल्याचा फच्च आवाज तेवढा ऐकू आला. गुरुजींनी दक्षिणा खिशात टाकता टाकता मला बाजूला घेऊन सांगितलं, “दाखवून घ्या एकदा शोरूमला. वॉरंटीत आहे तोवर.”

वॉचमन रोज रात्री विचारतो, “साहेब, चार्जिंगला लावू?” सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर ‘सामायिक विजेवर खासगी वाहने चार्ज करू नयेत’ अशी नोटीस लावली. ती फक्त माझ्या पार्किंगच्या खांबावर आहे.

आणि ॲव्हरेज. पुण्यातल्या लोकांना या आकड्याबद्दल एक खास हक्क वाटतो, कारण या आकड्यांना प्रमाणपत्र देणारी एआरएआय संस्था आमच्याच कोथरूडच्या बाजूला, वेताळ टेकडीवर. सकाळी एआरएआय टेकडीवर चालायला जाणारा प्रत्येक ज्येष्ठ नागरिक आपण तिथले सल्लागार असल्यासारखं बोलतो. चाचणीत गाडी रस्त्यावर धावत नाही. ती बंद जागेत फिरत्या रोलरवर जागच्या जागी पळते, ठरलेल्या तालात, जास्तीत जास्त ९० च्या वेगानं. तिथे खड्डा नाही, उलट्या बाजूनं येणारी स्कूटर नाही, मागे बसून “एसी वाढव रे” म्हणणारी आई नाही. दहावीचे टक्के सांगताना जसा आपण दशांश सोडत नाही, तसं कंपनी २७.९७ सांगते. मला शहरात वीस-एकवीस पडतं, कोंडी चांगली असली तर त्याहून जास्त. ‘कोंडी चांगली’ हे शब्द मी घरात वापरतो आणि आता कुणी दचकत नाही.

दिवेआगरला निघालो तेव्हा डिकी भरली, मग मागच्या सीटवर चिरंजीवांच्या पायाशी सामान आलं. आमच्या गाडीत मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी आहे, तिथून बॅटरी हवा घेते. ती झाकायची नाही. आईनं तिच्यावर शाल घडी करून ठेवली, कारण “वारं लागतंय गुडघ्याला.” काढली, पुन्हा ठेवली. वाटेत पौडजवळ मी बॅटरीला श्वास लागतो हे समजावलं. त्यावर आई म्हणाली, “आणि मला?”

ताम्हिणीचा उतार लागला तसे काका सरसावून बसले. “न्यूट्रल टाक.” फियाटच्या काळात ते उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवायचे. ते धोक्याचं असायचं हे त्यांना आजही मान्य नाही. मी सांगितलं, न्यूट्रलला टाकली तर बॅटरी भरायची थांबेल. काका म्हणाले, “उतरायला इंजिन लागतंच कशाला?” मी गिअर ‘बी’ वर टाकला, उतारावर गाडी आवरून धरणारा. बॅटरीचे दांडे एकेक करत भरले, आई कौतुकानं मोजत होती. उतार अजून बाकी, आणि बॅटरी काठोकाठ. मग गाडीनं वेग आवरायला इंजिनच फिरवायला घेतलं आणि घाटात मोठ्यानं घरघर सुरू झाली.

“जळतंय! पेट्रोल जळतंय!” काका ओरडले.

“नाही काका, नुसतं फिरतंय. पेट्रोल जात नाहीये.”

“आवाज कसला मग?”

माणगाव येईपर्यंत त्यांनी माझ्याशी अबोला धरला. परतताना नारळ, कोकम आणि एक फणस आला. फणस मांडीवर घेऊन बसायला काका आपणहून तयार झाले. जाळीपासून तो लांब राहावा म्हणून.

वही आता डॅशबोर्डच्या खणातच असते. प्रत्येक टाकीला लिटर, किलोमीटर, रुपये. परवा काकांनी बेरीज मारली आणि जेवणाच्या ताटावर जाहीर केलं की आजवर पेट्रोलचे अठ्ठावीस हजार वाचले. दिवेआगरचा रिसॉर्ट, मासे आणि फणस त्यांनी धरले नव्हते, तो वेगळा हिशेब.

आईनं भात वाढता वाढता विचारलं, “मग ते अठ्ठावीस हजार आहेत कुठे?”

“वाचलेत, वहिनी.”

“वाचलेत ते कळलं. ठेवलेत कुठे?”

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी आमटी मागितली.