मेगापिक्सेल, झूम आणि 'जुना नकोच': एका फिरत्या मेसेजची उलटतपासणी

'पहिला कॅमेरा घेताय? फसू नका!' अशा मथळ्याचा एक मेसेज सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरत असतो. दिवाळीच्या तोंडावर आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेआधी त्याला विशेष भरती येते. त्याचं सार असं: मेगापिक्सेल जितके जास्त तितका कॅमेरा चांगला, झूम निदान ५०एक्स हवाच, सेकंडहँड म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी, नवं मॉडेल जुन्यापेक्षा सरसच, डीएसएलआर (आत आरसा असलेले, लेन्स बदलता येणारे कॅमेरे) संपले, मिररलेसच (बिनआरशाचे) घ्या, सोबत येणारी लेन्स टाकाऊ, आणि तीस हजारांत काही येत नाही, लाख जमेपर्यंत थांबा.

सातांपैकी दोन सूचनांत थोडं तथ्य आहे. बाकीच्या पाच खिसा रिकामा करणाऱ्या आहेत. म्हणून मेसेजचा क्रम सोडून जिथे नुकसान मोठं तिथून सुरुवात करू.

'झूम निदान ५०एक्स हवाच'

'एक्स' म्हणजे कॅमेरा किती लांबचं दाखवतो याचं माप नव्हे. तो नुसता भागाकार आहे. लेन्सच्या सगळ्यात लांबच्या टोकाला सगळ्यात रुंद टोकाने भागा, आकडा आला. लेन्सची पोच मिमीत सांगतात; आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. निकॉन पी१००० ची लेन्स २४ ते ३००० मिमीच्या तोडीची, म्हणून ती १२५एक्स. ५५-२५० मिमीची लेन्स जेमतेम साडेचार एक्स भरते, पण कॅननच्या साध्या डीएसएलआरवर तिची पोच, पी१००० च्याच मापाने, ४०० मिमीएवढी होते.

मग ३००० मिमी एवढ्याशा डब्यात मावतात कसे? सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारा आतला तुकडा, बारीक करून. अशा कॅमेऱ्यांत बहुधा १/२.३ इंची सेन्सर असतो, साधारण ६.२ × ४.६ मिमीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीचे दोन टपोरे दाणे शेजारी ठेवले तर तो जवळपास झाकला जाईल. साध्या कॅनन डीएसएलआरचा सेन्सर २२.३ × १४.९ मिमी, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे बारा पट. त्यात लांब टोकाला लेन्सचं तोंड आक्रसतं. पी१००० पूर्ण झूमला एफ ८ वर येते (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान). एफ ८ ला प्रकाशाचा एक बिंदू पसरून सुमारे १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठिपका होतो आणि या सेन्सरचा एक पिक्सेल असतो १.३ मायक्रॉनचा. म्हणजे एक टोकदार बिंदू सात-आठ पिक्सेलांवर लिंपला जातो. हा दोष त्या मॉडेलचा नाही, भौतिकशास्त्राचा आहे. कुठल्याही कंपनीला तो चुकत नाही.

आता हा कॅमेरा घेऊन सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर जा. सकाळी साडेदहानंतर तापलेल्या जमिनीवरून हवा लहरू लागते. चारशे मीटरवरचं काळवीट २००० मिमीला खेचलं की त्याच्या शिंगांचा शेवया-भात होतो. फोकस चुकला असं वाटतं, पण बिघाड मधल्या हवेत असतो. महाग लेन्सलाही तो सुटत नाही. उपाय दोनच: उजाडल्या उजाडल्या पोचणं आणि अंतर कमी असणं. त्या कोवळ्या उजेडात मात्र मोठा सेन्सर आणि साधी ५५-२५० किंवा ७०-३०० मिमी लेन्स या ५०एक्सवाल्यांना मागे टाकते.

मोठ्या झूमचे कॅमेरे निरुपयोगी आहेत असं नाही. हिप्परगा तलावावर भर उन्हात पक्षी ओळखायचा, नोंदीपुरता फोटो हवा, लेन्स बदलण्याची कटकट नको, तर ते सोयीचे आहेत. संध्याकाळ झाली की मात्र त्यांचं काम संपतं. घरातला वाढदिवस आणि रात्रीची मिरवणूक त्यांच्या आवाक्याबाहेरची आहे, आणि पहिला कॅमेरा घेणारे बहुतेक जण नेमकं तेच टिपायला बघतात.

'सेकंडहँड म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी'

न तपासता घेतला तर होय. तपासायला मात्र अर्धा तास पुरतो, आणि मर्यादित पैशांत एवढी किंमत वसूल करणारा दुसरा मार्ग आम्हाला दिसत नाही. बाजारात येणारे जुने कॅमेरे ढोबळमानाने दोन घरांतून येतात. एक, लग्नाचे फोटोग्राफर: बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) खूप चाललेली, पण निगा राखलेली. दोन, हौशी लोक: कॅमेरा वर्षभरात कपाटात गेलेला, शटर (प्रकाश आत सोडणारे पडदे) जवळपास कोरं, पण लेन्सला बुरशी आणि बॅटरी मेलेली. दोन्हीकडे वेगळ्या गोष्टी बघाव्या लागतात.

जाताना स्वतःचं रिकामं कार्ड, मोबाइलची टॉर्च आणि जमल्यास लॅपटॉप न्या. पहिल्यांदा बिलावरचा किंवा खोक्यावरचा अनुक्रमांक बॉडीच्या तळाच्या क्रमांकाशी ताडून बघा. जुळत नसेल तर पुढे तपासूच नका.

मग लेन्स काढा. मागून टॉर्च मारून पुढून तिरकं बघा. धुळीचे चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे इथे वापरलेल्या लेन्समध्ये ती कमी आढळते. मुंबई-कोकणातून आलेल्या मालात मात्र डोळ्यात तेल घालून शोधा. आतल्या पात्यांवर तेलाचा ओशटपणा दिसला तर छिद्र वेळेवर आवळत नाही आणि फोटो कमी-जास्त उजळ येतात. झूमची कडी फिरवताना मध्येच खरखर लागली तर आत धूळ आहे.

सेन्सरसाठी एफ १६ ठेवा, फोकस हाताने बिघडवा आणि पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो काढा. मोठा करून बघितल्यावर करडे ठिपके दिसले तर धूळ आहे. ती साफ होते, घासाघीस करा. कडक, काळी, दर फोटोत त्याच जागी असलेली रेघ म्हणजे ओरखडा, तिथून उठा. पुढे लेन्सला टोपी लावून आयएसओ (प्रकाशाला प्रतिसाद वाढवणारा आकडा) ८०० ला १० सेकंदांचा फोटो घ्या. दोन-चार रंगीत ठिपके सगळ्याच कॅमेऱ्यांत निघतात, पण चांदणं पसरल्यासारखे दिसले तर नको.

शटर १/४००० सेकंदाला आणि १/६० ला, दोन्हीकडे तपासा. सगळ्यात वेगवान फोटोत वरच्या किंवा खालच्या कडेला काळी पट्टी आली तर शटरचे पडदे थकलेत. किती क्लिक झाले हा आकडा निकॉनच्या फोटो-फाइलमध्येच लिहिलेला असतो. फाइलची माहिती वाचणारं फुकट सॉफ्टवेअर तो दाखवतं. कॅननच्या बहुतेक बॉडी तो फाइलमध्ये लिहीत नाहीत, म्हणून 'फक्त पाच हजार क्लिक' हे विकणाऱ्याचं तोंडी वाक्य कॅननच्या बाबतीत सोडून द्या आणि झिजलेल्या कडा, हॉटशूवरचे (फ्लॅश बसवायच्या खाचेवरचे) ओरखडे आणि सैल झालेलं रबर बघा. निकॉन डी३३०० चं शटर १ लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. ३०-४० हजार झालेली अशी बॉडी हौशी माणसाला वर्षानुवर्षं पुरते.

शेवटी बॅटरी सपाट टेबलावर ठेवून गिरकी द्या. भिंगरीसारखी फिरली तर ती फुगली आहे. नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून घ्या.

'नवं मॉडेल जुन्यापेक्षा सरसच'

निकॉन डी३३०० ला बाहेरचा माइक जोडता येतो आणि सेन्सर झटकून धूळ पाडणारी यंत्रणाही आहे. त्यानंतरच्या डी३४०० मधून दोन्ही काढून टाकल्या. दुकानात मात्र नवं म्हणून डी३४०० चीच तारीफ होणार. उन्हाळ्यात धुळीची वावटळ उठणाऱ्या गावात सेन्सर झटकण्याची सोय ही चैन नव्हे. कॅनन १३००डी मध्ये ती नाही. त्याहून जुन्या ७००डी मध्ये आहे.

कॅनन ३०००डी हे स्वस्तातलं मॉडेल. लेन्स बसते ती कडी प्लॅस्टिकची, आणि डोळ्याच्या नंबराप्रमाणे खिडकी जुळवायची चकतीसुद्धा नाही. चष्मा काढून फोटो काढणाऱ्याला फोकस नीट लागलेला दिसणारच नाही. २००डी मार्क २ हा एरवी गुणी कॅमेरा, फोरके व्हिडिओही देतो. पण फोरकेमध्ये चौकट आणखी कापली जाते आणि व्हिडिओसाठीचा चांगला ऑटोफोकस त्यात चालत नाही. त्याच्या हॉटशूमधला मधला संपर्कबिंदूही काढलेला आहे, त्यामुळे बाजारातले साधे मॅन्युअल फ्लॅश आणि स्वस्त ट्रिगर त्यावर पेटत नाहीत. पुढे लग्नाची कामं घ्यायचा विचार असेल तर हे आधी कळलेलं बरं.

'डीएसएलआर संपले, मिररलेसच घ्या'

यात तथ्य आहे. २०१८ मध्ये निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ हे मिररलेससाठीचे नवे माउंट (लेन्स बसवायच्या कड्या) आणले, आणि तेव्हापासून दोघांचं लक्ष तिकडेच आहे. पण कंपनीने नवं काढणं थांबवलं म्हणजे हातातला कॅमेरा बंद पडत नाही. उलट लोक डीएसएलआर विकतात, भाव उतरतो, आणि तीच आपली संधी. निकॉन डी३५०० एका चार्जवर प्रमाणित चाचणीत १५५० फोटो देतो. २०१४ चा मिररलेस सोनी ए६००० साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे मिररलेसच्या हिशोबात दोन जादा बॅटऱ्या धरा.

व्हिडिओच मुख्य असेल तर मात्र मेसेज बरोबर आहे, मिररलेस बघा. तरी ए६००० ला माइकचं छिद्र नाही हे ध्यानात ठेवा. कॅननचे एम मालिकेतले कॅमेरे स्वस्त मिळतात, पण त्यांच्या लेन्स पुढे आरएफ बॉडीवर कोणत्याही अ‍ॅडॉप्टरने नीट बसत नाहीत. ती गल्ली तिथेच संपते. आणि कुठलाही कॅमेरा घेतला तरी व्हिडिओ पाल (PAL) पद्धतीवर, सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटरवर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. ३० फ्रेमवर १/६० ठेवून यंत्रमागाच्या शेडमध्ये शूटिंग केलं तर ट्यूबलाइटचे पट्टे पडद्यावर सरकत राहतात.

'मेगापिक्सेल जितके जास्त तितका चांगला'

याला फार शब्द खर्च करायला नकोत. १६ वरून २४ मेगापिक्सेलवर गेलात तर लांबी-रुंदीत बारकावा फक्त २२ टक्क्यांनी वाढतो, कारण आकडा क्षेत्रफळाचा आहे. ८ × १२ इंचांच्या प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ८.६ मेगापिक्सेल पुरतात, फोरके टीव्हीला ८.३. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवलात तर ते फोटो बारीक करून टाकतं; मूळ फाइल हवी तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

'सोबतची लेन्स टाकाऊ'

अर्धवट ज्ञान. सोबत येणाऱ्या १८-५५ मिमी लेन्सची मर्यादा धारेची (स्पष्टतेची) नसून उजेडाची आहे. ५५ मिमीला ती एफ ५.६ वर येते. ५० मिमी एफ १.८ ची लेन्स तिच्या नऊ पटींहून जास्त प्रकाश आत घेते. गड्ड्याच्या यात्रेत होमाच्या रात्री नंदीध्वज मिरवणुकीत आयएसओ ६४०० ला १८-५५ वर १/३० चं शटर मिळत असेल, तर चालणाऱ्या मानकऱ्यांची पांढरी बाराबंदी हलून पुसली जाते. ५० मिमीवर तिथेच १/२५० मिळतं. म्हणून दुसरी लेन्स हीच घ्या, पण १८-५५ टाकू नका. ५० मिमी या सेन्सरवर ७५-८० मिमीसारखी वागते. दहा बाय दहाच्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी घरची चार माणसं चौकटीत मावत नाहीत.

होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाला तर हीच 'टाकाऊ' लेन्स हवी. ट्रायपॉड, १८ ते २४ मिमी, आयएसओ १००, एफ ८ ते ११, बल्ब मोडवर (बटण दाबलेलं असेतो शटर उघडं) २ ते ४ सेकंद, फोकस लांबच्या दिव्यावर लावून मॅन्युअल, लेन्सचं स्थिरीकरण बंद. एवढ्यावर एफ १.८ चा काही उपयोग नाही.

निकॉनवाल्यांनी खरेदीआधी एक बघावं. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यावर ५० मिमी एफ १.८ 'डी' स्वस्तात घेतली तर ऑटोफोकस चालत नाही. 'एएफ-एस' लिहिलेलीच घ्या. उलट 'एएफ-पी' लेन्स डी९० आणि डी३१०० सारख्या जुन्या बॉडीवर फोकस करत नाही.

'तीस हजारांत काही येत नाही'

कोऱ्या मालात फारसं येत नाही, हे खरं. वापरलेल्या मालात आमचा हिशोब असा: वीस-एकवीस हजार बॉडी आणि १८-५५ ला, पाच-सहा हजार जुन्या ५० मिमीला, उरलेले कार्ड, चांगली बॅटरी, धूळ उडवायचा हवेचा फुगा, झाकण घट्ट बसणारा डबा आणि सिलिका जेलला. फुगा विसरू नका. तोंडाने फुंकर मारली की थुंकीचे थेंब सेन्सरवर वाळतात. मे महिन्यात उन्हातल्या गाडीच्या डिकीत कॅमेरा ठेवला की पकडीचं रबर सुटायला लागतं.

दुकानातल्या 'कॉम्बो'ला भुलू नका. त्यातला स्वस्त यूव्ही फिल्टर रात्रीच्या प्रत्येक दिव्याचं एक हिरवट भूत फोटोत सोडतो, आणि लेन्सच्या तोंडावर पिळायचं 'वाइड कन्व्हर्टर' भिंग कडा धूसर करतं. कार्ड ३२ जीबीचं, नावाजलेल्या कंपनीचं, बिलासह घ्या, आणि पहिल्याच दिवशी ते पूर्ण भरून शेवटचे पन्नास फोटो संगणकावर उघडून बघा. बनावट कार्डात खरी जागा ८ जीबीच असू शकते. सुरुवातीचे फोटो नीट दिसतात, पुढचे अर्धवट किंवा करडे उघडतात. असं झालं तर कॅमेऱ्यात दोष शोधत बसू नका, बिल घेऊन कार्ड परत करा.